नवमीचं पुरण आणि माझ्या गोळ्या

एका नवमीचा नैवेद्य वाचवण्यासाठी मी एका लेकुरवाळ्या बाईची भूक मारली. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. सासूबाईंना सगळं माहीत होतं, पण त्या गेल्या. त्या बाईला माहीत होतं, पण तिनं मला कधी बोल लावला नाही आणि मला त्याचाच जास्त त्रास होतो. आता माझे गुडघे गेलेत, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, जीभ तेवढी शाबूत आहे. तेव्हा सांगून टाकते.

आमचं गाव पौडाच्या पुढे, डोंगराच्या कडेला. गावच्या देवीला नवरात्रात नवमीचा नैवेद्य आमच्या घरून जायचा. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, तळण असं सगळं साग्रसंगीत ताट आणि पुढे वाजंत्री. नंतर देवळाच्या ओसरीवर सगळ्या गावाला प्रसाद. हा मान पूर्वी भावकीतल्या दुसऱ्या घराकडे होता. त्यांच्या कुणा आजीच्या हातून पुरणात दोनदा मीठ पडलं आणि मान आमच्याकडे आला. दोन पिढ्या उलटल्या तरी त्या घराला गाव ‘खारटांचं घर’ म्हणायचं. त्यांच्या बायका नदीवर धुणं धुवायला आल्या की कुणीतरी हमखास हळूच विचारायचं, आज मीठ एकदाच ना? आमच्याकडे चेष्टा करतात ती अशी, हसत हसत आणि जन्मभर पुरणारी.

नैवेद्य रांधताना चाखायचा नाही, हा नियम सगळीकडेच असतो. चाखला की उष्टा झाला. बायका अंदाजानं मीठ-गूळ घालतात आणि वासावर ठरवतात. सासूबाई नुसत्या वासावर सांगायच्या की आमटीत मिरची जास्त झालीय. पण एका मोठ्या तापातून उठल्या तेव्हा त्यांचं नाक गेलं. शेणात आणि तुपात त्यांना फरक कळेना. त्या वर्षी त्यांनी आम्हा दोघी जावांना चुलीपाशी बसवलं आणि चूल माझ्या हाती दिली. धाकटी माझ्यापेक्षा नीटस होती, टापटिपीची होती. तिनं विचारलंच, की ह्यांनाच का? सासूबाई म्हणाल्या, “ती हावरी हाय म्हणून.”

ते खरं होतं. मी खादाड होते आणि अजून आहे. तांदळाच्या कणगीत गुळाचा खडा फडक्यात बांधून लपवायचे आणि येता-जाता दात लावायचे. तळण निघालं की पहिली कुरडई माझी. पुरण शिजून गोळा व्हायला आलं, त्याचा तो गरम वास नाकात शिरला की माझ्या जबड्याखाली पाणी सुटायचं आणि लाळेचा घुटका गिळल्याशिवाय राहवायचं नाही. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून पातेल्याकडे नाही, माझ्या गळ्याकडे बघायच्या. घसा हलला की म्हणायच्या, “हलला गं. उतरव आता.” सहा वर्षं देवीचा नैवेद्य माझ्या घशावर चालला होता आणि एकदाही बिघडला नव्हता. मला त्याचा किती तोरा होता म्हणून सांगू!

तिसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या बेंबीपाशी लिंबाएवढा फुगवटा आला. खोकले की तो बाहेर यायचा, निजले की आत जायचा. आमच्या ह्यांनी मला एसटीनं पुण्याला नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. ते म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, पण एवढ्या चरबीत टाके धरायचे नाहीत, आधी अंग उतरवा. मी ओशाळून सांगितलं, की जेवण कमी करीन पण गोड सुटत नाही. तेव्हा त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. रोज सकाळी एक. नवरात्र झालं की वजन करायला या, मग ऑपरेशनचं ठरवू. परतीच्या एसटीत हे बाटली हातात फिरवत म्हणाले, “आपल्याकडं लोक वैद्याकडं जात्यात त्ये भूक लागावी म्हणून. ही मारायची गोळी पयल्यांदाच बघितली.”

तपकिरी काचेची बाटली, तोंडाशी कापसाचा बोळा, आत शर्टाच्या बटणांएवढ्या पांढऱ्या गोळ्या. पहिले दोन दिवस नुसतं तोंड कोरडं पडलं. तिसऱ्या दिवशी कणगीतून तांदूळ काढताना गुळाचं फडकं हाताला लागलं आणि मी ते बाजूला सारलं. सारलं, म्हणजे मन मारलं असं नव्हे. मन तिकडे गेलंच नाही. पोट रिकामं झालं की गुरगुरायचं, ते मला ऐकू यायचं, पण शेजारच्या घरात कुणी बोलतंय आणि आपला त्यात संबंध नाही, तसं. भाकरी मी वेळ झाली म्हणून खायचे. भजी, शेव, बाजारातली जिलबी, ज्यांच्यासाठी मी जीव टाकला असता, ते सगळं माझ्यापुढे लाकूडफाट्यासारखं पडून राहायचं. महिन्याभरानं बघितलं तर त्या खड्याला मुंग्या लागल्या होत्या.

अंगात मात्र भलती तरतरी होती. घासायची भांडी संपली की मी घासलेली घासायचे. छाती धडधडायची, दातावर दात घट्ट बसायचे आणि उगीचच कुणावरही ओरडायचे. लुगड्याचा काष्टा सैल झाला म्हणून आनंद व्हायचा आणि त्या आनंदात मी सगळ्यांना गोळीची कौतुकं सांगत सुटले होते.

त्यात मी वाडीवरच्या बाईलाही सांगितलं. वाडी आमच्या वर डोंगरात, सात-आठ झोपड्यांची. तिथली ही तरणी बाई आमच्याकडे बेणणीला म्हणजे तण काढायला, गवत कापायला यायची आणि सणावाराला पानांच्या पत्रावळी आणून द्यायची. पाठीशी पाच महिन्यांची मुलगी बांधलेली. वाडीची माणसं सगळ्यांशी एकेरीतच बोलतात, मामलेदार आला तरी. तिनं बाटली निरखून बघितली आणि विचारलं, “वैनी, ही खाल्ली की भूकच लागत न्हाई?”

“न्हाई लागत.”

“अन् काम व्हतं?”

“दुप्पट व्हतं,” मी म्हटलं.

तिनं बाटली उजेडाकडे धरली. आश्विनात वाडीवर काय असतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नाचणी संपलेली, भात अजून शेतात उभा, लवकर येणारं हळवंसुद्धा पिकायचं बाकी. रानातले कंद आणि पाला उकडून दिवस काढायचे. मला ठाऊक होतं, पण मी त्या वेळी माझ्या सैल झालेल्या काष्ट्याच्या कौतुकात होते.

नवमीच्या दिवशी मी कोंबड्याच्या बांगेला उठले, न्हाले, धुतलं लुगडं नेसले आणि सवयीनं पहिल्या पाण्याबरोबर गोळी घेतली. गिळल्यावरसुद्धा माझ्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते डाळ शिजून, कट काढून, गूळ घातल्यावर. पुरण रटरटायला लागलं. वास आला. वास मला येत होता, नाक चांगलं चालू होतं. हा हरभऱ्याचा, हा गुळाचा, ही सुंठ, असं सगळं वेगवेगळं कळत होतं. पण तोंडात काही होईना. जीभ टाळूला चिकटलेली. मी थांबले. आणखी ढवळलं. वाफेवर तोंड धरलं. काही नाही.

त्यात त्या वर्षी पौडाच्या बाजारातून आणलेली ढेप काळपट निघाली होती. असला गूळ कधी नुसता कमी गोड असतो, कधी चक्क खारट असतो, म्हणून मापाचा भरवसा नव्हता. आणि मी मात्र हात सवयीनं जातो तसं चिमूटभर मीठही टाकून बसले होते. मला ‘खारटांचं घर’ आठवलं. आमच्या मुलींची लग्नं डोळ्यांपुढे आली. नदीवर कोण काय विचारील तेही ऐकू आलं.

सासूबाई उंबऱ्यात येऊन बसल्या. नऊ दिवसांचा उपास, चेहरा ओढलेला, डोळे माझ्या गळ्यावर.

“अजून न्हाई हलला?” त्यांनी विचारलं.

“व्हईल आता, आत्याबाई.”

“वाजंत्री आली देवळापाशी.”

मी घुटका घ्यायचा प्रयत्न केला. कोरड्या तोंडानं खोटा घुटका घेऊन बघा एकदा, मग कळेल. घसा मध्येच अडकला आणि मला ठसका लागला. पोटातला फुगवटा दुखून उठला. सासूबाईंनी कपाळाला आठी घातली, पण तेवढ्यात गुरव फुलांची टोपली मागायला आला आणि त्या उठून परसात फुलं काढायला गेल्या.

मी दार लोटलं आणि जे करायचं नाही ते केलं. उलथन्यावरचं पुरण बोटानं निपटून जिभेवर ठेवलं. अंगावर काटा आला. पण त्या काट्याहून मोठा धक्का पुढेच होता. मला चव कळली आणि तिचा उपयोग झाला नाही. गोड होतं. गोड आहे हे मला कळत होतं. बरं आहे का, हवं आहे का, आणखी घ्यावंसं वाटतं का, ते कळायची जागाच बंद होती. गोड किती म्हणजे पुरे, हे जीभ सांगत नाही, हाव सांगते, आणि माझी हाव मी बाटलीतल्या गोळ्यांनी मारून ठेवली होती. नियम मोडला आणि हाती काही लागलं नाही. मी चुलीपुढे बसून रडले, तर डोळ्यांतही धड पाणी येईना.

त्या वेळी मागच्या दारात पत्रावळींचा भारा टेकल्याचा आवाज झाला. वाडीवरची आली होती. पाठीवर मुलगी निजलेली. वाडीच्या माणसांनी मागच्या दाराच्या आत यायचं नाही असा तेव्हाचा रिवाज. हे सांगताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती. मी पातेलं उचलून तिच्यापुढे धरलं.

“वास घे गं जरा. तोंडाला पाणी सुटतंय का?”

तिनं नाक पुढे केलं. “सुटतंय की.”

माझा जीव भांड्यात पडला. मग खात्रीला म्हणून मी आमटी दाखवली. “सुटतंय.” भात दाखवला. “सुटतंय.” मला शंका आली. गुरांसाठी बाजूला ठेवलेलं डाळ धुतलेलं पाणी होतं, ते तिच्यापुढे केलं. तिनं वाकून वास घेतला आणि तिचा घसा माझ्या देखत हलला. “ह्येलाबी सुटतंय.”

“चेष्टा करतीस व्हय गं माझी?” मी ओरडले. “हितं माझ्या जिवाची काय गत झालीय, अन् तू...”

“चेष्टा न्हाई वैनी,” ती शांतपणे म्हणाली. “परवापास्नं पोटात अन्न न्हाई. मला तुझ्या सारवल्या चुलीच्या वासानंबी पाणी सुटतंय.”

माझ्या तोंडाला कशानंच पाणी सुटत नव्हतं आणि तिच्या तोंडाला कशानंही सुटत होतं. दोघींपैकी एकीचाही घसा देवीच्या उपयोगाचा नव्हता. मग माझ्या डोक्यात आलं ते आलं. शिंक्यावर कालची भाकरी आणि कालवण होतं. मी ते तिला दिलं. म्हटलं, आधी हे खा. पोटभर खा. तिनं उभ्या उभ्या खाल्लं. परसातून सासूबाईंच्या बांगड्यांचा आवाज येत होता. तिनं पाणी पिऊन ढेकर दिला तशी मी पत्रावळीच्या तुकड्यावर पुरण घालून तिच्या हातावर ठेवलं.

तिनं हात मागे घेतला. “निवदाचं हाय ना? देवी कोपंल.”

“माझ्यावर कोपंल. तू खा. दरवर्षी परसाद नेतीस ना? त्येच्यावानी लागतंय का, तेवढं सांग.”

“सांगितलं तर काय देशील?”

“काय पायजे?”

“त्या भूक मारायच्या गोळ्या दे. भात कापायला महिना हाय.”

“देते,” मी म्हटलं. विचारसुद्धा केला नाही. “नैवेद्य नीट गेला तर देते. लवकर खा.”

तिनं डोळे मिटून पुरण जिभेवर घोळवलं. वर्षातून एकदाच मिळणारी गोष्ट माणूस कशी लक्षात ठेवतं हे मी त्या दिवशी बघितलं. “दरवरसावानी न्हाई,” ती म्हणाली. “त्येचा पयला घास गिळायच्या आधी दुसरा मागावासा वाटतो. ह्यो गिळून थांबावंसं वाटतं. मागं खारट येतंय.”

मी बाजूला काढलेली वाटीभर शिजली डाळ पातेल्यात घोटली आणि पाहुण्यांच्या चहासाठी ठेवलेली साखर होती नव्हती तेवढी ओतली. पुन्हा आटवलं. पुन्हा तिला दिलं. तिनं मान हलवली. “अजून वाईच.” मी कणगीत हात घातला, मुंग्या झटकून माझा तो लपवलेला खडा आणला. मागल्या सालच्या चांगल्या ढेपेतला होता, तो किसून टाकला. तिसऱ्यांदा तिनं खाल्लं आणि न बोलता हात पुढे केला.

सासूबाई परत आल्या तेव्हा मी तोंडात पाण्याची चूळ धरून बसले होते. त्यांचे डोळे गळ्यावर आले तशी मी ती गिळली.

“हलला गं,” त्या म्हणाल्या. “उतरव.”

नैवेद्य गेला. ओसरीवर लोकांनी मागून मागून पुरणपोळी खाल्ली. खारटांच्या घरच्या म्हातारीनंसुद्धा दुसऱ्यांदा पान पुढे केलं. मला सगळ्या बाया नावाजत होत्या आणि मी अर्धी पोळी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलत होते.

दसऱ्याच्या सकाळी ती मागच्या दारात येऊन बसली. मला वाटलं होतं, चार पोळ्या दिल्या की विसरेल. पोळ्या तिनं घेतल्या आणि बसूनच राहिली. माझ्यापुढे दोन वाटा होत्या, आणि दोन्ही मला तेव्हा लख्ख दिसत होत्या. धान्याच्या खोलीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. दोन पायली नाचणी मागायची तर कशासाठी ते सांगावं लागणार, म्हणजे नैवेद्य उष्टा गेला हे सांगावं लागणार. गोळ्या मात्र माझ्या होत्या. त्यासाठी कुणाला विचारायला नको होतं. मी बाटलीतल्या निम्म्या गोळ्या तिच्या पदरात ओतल्या. रोज एकच, सकाळी, असं बजावलं. तिच्या पाठीवरची मुलगी तोंडात मूठ घालून माझ्याकडे बघत होती. ही बाई त्या मुलीला अंगावर पाजते, हे मला दिसत होतं. तरीही दिल्या.

पुढचे चार दिवस मी त्या बाजूला विचार नेला नाही. कोजागिरीच्या आदल्या दिवशी माळावर गवताची कापणी होती. मी दुपारी बायांची भाकरी घेऊन गेले आणि तिच्यासाठी म्हणून मुद्दाम गुळाच्या दशम्या केल्या होत्या, वर लोण्याचा गोळा. मनाची टोचणी अशीच असते, तिला दशम्या सुचतात, किल्ली सुचत नाही. बाकीच्या बाया झाडाखाली येऊन बसल्या. ती एकटी उन्हात विळा चालवत होती. तिच्यापुढे दोघींच्या वाटणीचं गवत पडलं होतं.

मी हाक मारली. ती आली. ओठ फुटलेले, डोळे मोठे आणि चकचकीत. दशमीकडे तिनं बघितलं आणि नजर काढून घेतली.

“नगं वैनी. भूक न्हाई.”

“अगं, गुळाची हाय. लोणी हाय.”

“नगंच वाटतंय. लई ब्येस गोळी हाय तुझी. मी दोन-दोन घेते. काल धरून चुलीत जाळ न्हाई घातला, तरी काम बघ किती झालं.” आणि ती हसली. मनापासून, उपकार झाल्यासारखी हसली.

डाळीच्या धुवणाला जिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, ती लोण्याची दशमी परत करत होती. झाडाला टांगलेल्या झोळीतून मुलीचं रडणं येत होतं, आणि ते रडणं मोठं नव्हतं, घोगरं होतं. तिनं जाऊन मुलीला छातीशी घेतलं. मुलगी ओढायची, सोडायची, पुन्हा किंचाळायची. तिनं मला सांगितलं, अगदी साधं काही सांगावं तसं, “दूध उतरंना दोन दिस झाले.”

मी डोक्यावरची पाटी तिथेच टाकली. पोट हातानं दाबून धरत मी घर गाठलं. सासूबाई ओसरीवर वाती वळत होत्या. मी त्यांच्यापुढे बसून सगळं सांगितलं. गोळी, खोटा घुटका, बोटानं चाखणं, वाडीवरच्या बाईला दिलेलं पुरण, तिच्या पदरात ओतलेल्या गोळ्या, मुलीचं दूध. मला वाटलं आता त्या मला घराबाहेर काढतील. त्यांनी वात पुरी वळली, बाजूला ठेवली.

“देवीनं खाल्लं,” त्या म्हणाल्या, “गावानं खाल्लं. त्या लेकरानं काय खाल्लं?”

त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या अंगावर फेकली. ती माझ्या गुडघ्याला लागली, आणि मला त्या क्षणी बरं वाटलं. “जा, घिऊन ये दोघींस्नी,” त्या म्हणाल्या. “अन् ती बाटली चुलीत घाल.”

त्या दोघींना आम्ही मागच्या पडवीत ठेवलं. मुलीला शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजलं, तो बोळा बाटलीच्या तोंडचाच होता, स्वच्छ उकळून घेतलेला. पहिले दोन दिवस बाई नुसती निजली. मीही गोळी सोडली होती, तरतरी उतरली तशी मीसुद्धा भिंतीला टेकल्या जागी झोपत होते. उठवून पेज दिली की ती दोन घोट घ्यायची आणि वाटी सारायची. मुलीचं रडणं आणखी बारीक झालं होतं. धाकटी जाऊ म्हणाली, ही जर हितं गेली तर काय सांगायचं वाडीला? मी देवीला हात जोडायला गेले आणि हात जोडता येईनात. काय तोंडानं मागणार होते?

चौथ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला डाळ शिजत घालायला सांगितली. पुरणाची. सण नाही, वार नाही. चूल त्यांनी पडवीत मांडायला लावली, वाडीवरच्या बाईच्या उशाशी. खारट ढेप त्यांनी गुरांना टाकली आणि खारटांच्या घरी माणूस पाठवून चांगला गूळ मागून आणला. आमच्या घराण्यानं त्या घराकडून काही मागावं हे दोन पिढ्यांत पहिल्यांदा होत होतं. डाळ शिजली, गूळ पडला, पुरण रटरटायला लागलं. बाई कुशीवर निजून चुलीकडे बघत होती. सासूबाई पडवीच्या उंबऱ्यात बसल्या. त्यांना वास येत नव्हता. त्यांचे डोळे गळ्यावर होते, आणि या वेळी माझ्या नाही, तिच्या.

मी ढवळत राहिले. हात भरून आले. लाकूड पुढे सारलं, पुन्हा ढवळलं. पुरण पातेलं सोडायला लागलं, उलथनं उभं राहिलं, आता उतरवलं नाही तर लागेल इथपर्यंत आलं. सासूबाई हलल्या नाहीत. मीही उतरवलं नाही. मुलगी धाकटीच्या मांडीवर कण्हत होती. बाईनं ओठांवरून जीभ फिरवली. एकदा. मग पुन्हा. मग तिनं हातावर भार देऊन मान वर केली, आणि मी तिच्या गळ्याकडे बघितलं.

“हलला गं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुझाबी हलला.”

मला कळलंच नव्हतं. माझ्या जबड्याखाली पाणी सुटलं होतं, भरून येत होतं आणि मी रडत होते, ते सगळं एकच होऊन तोंडात खारट लागत होतं. मी पातेलं खाली घेतलं आणि देवाचं पान मांडायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, “निवद नंतर. आधी तिला वाढ.”

माझं ऑपरेशन पुढच्या उन्हाळ्यात झालं, डॉक्टरांची बोलणी खाऊन. त्या बाईला दूध आलं ते दिवाळीच्या सुमाराला, तोवर मुलगी शेळीच्या दुधावर जगली. भात कापून होईपर्यंत वाडीवर आमच्या घरची नाचणी गेली आणि त्यानंतर दर आश्विनात जात राहिली. तेवढ्यानं फिटलं असं मी म्हणणार नाही. पण त्या सकाळी मी तिला वाढलं, आणि पहिला घास गिळायच्या आधीच तिनं दुसऱ्यासाठी पान पुढे केलं.